विहिरीच्या पायऱ्या मोजणारी वही

पत्र: मी कराडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. आमच्या केंद्रात ११ शाळा आहेत. दरवर्षी पर्यावरण दिनाच्या निमित्तानं केंद्रपातळीवर स्पर्धा होतात. चित्रकला, घोषवाक्य, निबंध आणि ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असे गट ठरलेले. गेल्या वर्षी मी परीक्षक होते. पहिला नंबर थर्माकोलच्या ‘आदर्श गाव’ मॉडेलला गेला. त्यातली पवनचक्की कशासाठी आहे, हे त्या मुलाला सांगता आलं नाही. त्याच दिवशी मळ्यातल्या वस्तीवरची सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली होती. त्यांच्या विहिरीचं पाणी कितव्या पायरीला आहे, ते तिनं जानेवारीपासून दर रविवारी लिहून ठेवलं होतं. ती वही कुठल्याच गटात बसेना. शेवटी निबंधात घालून उत्तेजनार्थ दिलं. ते अजून मनाला लागून आहे. यंदा केंद्रप्रमुखांनी सगळी स्पर्धाच माझ्यावर सोपवली आहे. हाताशी ३००० रुपये आहेत. मुलांची कल्पकता खरंच दिसेल अशी स्पर्धा कशी घ्यावी?
— एक शिक्षिका, जि. सातारा

प्रिय बाई,

त्या मुलीच्या वहीत पहिल्या रविवारी पाणी कितव्या पायरीला होतं आणि शेवटच्या रविवारी कितव्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पत्र वाचून संपलं आणि मला सगळ्यात आधी तेच विचारावंसं वाटलं. मार्चमध्ये उसाला पाण्याच्या पाळ्या वाढल्यावर पाणी झपाट्यानं उतरलं का? एखाद्या आठवड्यात वीज नव्हती, मोटर चालली नाही, आणि पायरी पुन्हा वर आली, असं कधी झालं का? वळवाच्या पावसानं किती फरक पडला? थर्माकोलच्या आदर्श गावाबद्दल मला असं काहीच विचारावंसं वाटलं नाही. यंदाची स्पर्धा आखताना हाच फरक समोर ठेवा. जी प्रवेशिका पाहून परीक्षकाला पुढचा प्रश्न सुचतो, ती वर आली पाहिजे.

उत्तेजनार्थ दिल्याचं मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी तुमच्या हातात तेवढंच होतं. आपल्या स्पर्धांची घडणच अशी आहे की टेबलावर मांडता येईल आणि पाच मिनिटांत बघून होईल, त्यालाच आपण गुण देतो. विहीर टेबलावर येत नाही. पाच महिने दर रविवारी मळ्यातून विहिरीपर्यंत चालत जाणं तर मुळीच येत नाही.

आधी ‘टाकाऊपासून टिकाऊ’बद्दल बोलतो, कारण हा गट तुम्ही यंदा बंदच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभ्या राहा. थर्माकोलचे तक्ते, चमकी, रंगीत फोम, गोंदाच्या ट्यूबा, सगळं नवं विकत घेतलं जातं. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रानं २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. म्हणजे पर्यावरण दिनाला आपण मुलांकडून नेमकी तीच वस्तू मागवतो. बाटलीचं बघा. शीतपेयाची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, तिला किलोवर भाव मिळतो, ती पुढे वितळून पुन्हा कामाला येते. तिलाच कापून, रंगवून, चमकी चिकटवून फुलदाणी केली की भंगारवाला हात लावत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती फुलदाणी उकिरड्यावर जाते आणि तिथेच राहते. हे मुलांना कळलं तर वाईट वाटतं, पण कळायला हवं. एखाद्या शनिवारी गावातल्या भंगारवाल्यालाच काट्यासकट शाळेत बोलवा. तो काय घेतो, काय घेत नाही आणि का, हे त्याच्या तोंडून ऐकू द्या. वेफर्सचं चकचकीत पाकीट तो का परत करतो, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. प्लॅस्टिकचा आणि चंदेरी धातूचा थर एकमेकांना चिकटलेला असतो, तो वेगळा करणं परवडत नाही, हे उत्तर त्यांच्या कायमचं लक्षात राहील.

चित्रकलेबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी कोकणातल्या एका शाळेत शिकवत होतो. एका वर्षी चित्रांचा गठ्ठा तपासायला घेतला. निम्म्याहून जास्त चित्रांत पृथ्वीचा गोळा रडत होता. उरलेल्यांत झाडाचे दोन भाग, एक हिरवा आणि एक वाळलेला, मागे धुराडं. मुलांनी चित्रं मन लावून काढली होती, पण ती एका चित्रावरून दुसरं अशी काढली होती. पुढच्या वर्षी मी विषयच दिला नाही. शाळेच्या आवारातल्या आंब्याखाली सगळ्यांना अर्धा तास नुसतं बसवलं, मग कागद दिले आणि म्हटलं, बसल्या जागेवरून जे दिसलं ते काढा. अभ्यासात नेहमी मागे असलेल्या एका मुलानं तांबड्या मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घर काढलं. पानांच्या कडा जिथे जुळल्या होत्या तिथे त्यानं पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा मारल्या होत्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “शिवलंय सर त्यांनी.” मी शिडी लावून वर चढलो आणि पाहिलं. खरंच पांढरे रेशमी धागे होते. या मुंग्या आपल्या अळ्यांना तोंडात धरून त्यांच्याकडून धागा काढून घेतात आणि पानं शिवतात, हे मी नंतर वाचलं. तो मुलगा ते खालून, नुसत्या डोळ्यांनी पाहून आला होता. त्यानंतर मी रडक्या पृथ्वीचा विषय कधी दिला नाही.

आता तुमच्या स्पर्धेविषयी. पहिली गोष्ट, ती ५ जूनला घेऊ नका. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. ५ तारखेला निम्मी मुलं मामाच्या गावी असतात आणि उरलेली घाईघाईनं काहीतरी करून आणतात. स्पर्धा शाळा उघडताना जाहीर करा आणि निकाल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. तिला मी ‘मृग ते हस्त’ असं नाव देईन. शाळा उघडते तेव्हा मृग चालू असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो. मधले साडेतीन महिने पाऊस, पेरणी, आंतरमशागत, गवत, किडे, पक्षी असं सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर बदलत असतं. हे सगळं बघायचं तर इतके दिवस हवेतच. शिवाय हस्त लागला की तुमच्याकडे हादगा येतो. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

प्रत्येक मुलानं किंवा दोघा-तिघांच्या गटानं एकच जागा निवडायची. एक झाड, एक विहीर, ओढ्याचा एक काठ, बांधाचा एक तुकडा किंवा शाळेचं छप्पर. घरापासून रोज चालत जाता येईल इतकीच जवळची. त्या जागेची आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी नोंद करायची. हे बंधन मुलांना आधी कंटाळवाणं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला ती त्या जागेला ‘माझी’ म्हणायला लागतात, तोवर धीर धरा.

विहीर निवडणाऱ्यांना सुगरणीचा खोपा हा विषय हमखास मिळेल. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्षी खोपे बांधतात. नर अर्धा खोपा विणतो आणि मादीला दाखवतो. तिला पसंत पडला तर पुढचं काम होतं, नाहीतर तो तसाच लटकत राहतो. आठवड्याला किती खोपे सुरू झाले, किती पुरे झाले, किती अर्धेच राहिले, एवढं मोजलं तरी त्या वहीत आपोआप एक गोष्ट तयार होते. झाड निवडणाऱ्यांना चिंच द्या. पावसाच्या सुरुवातीला तिला बारीक पिवळसर फुलं येतात, त्यांवर तांबड्या शिरा असतात. चिंचेचं बुटुक सगळ्यांनी खाल्लेलं असतं, पण चिंचेचं फूल किती मुलांनी हातात घेऊन पाहिलंय, ते वर्गात एकदा विचारून बघा.

छपरावरच्या पावसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अकराही शाळांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे. सरळ भिंतीची एक मोठी बाटली घ्या. मान जिथे निमुळती होऊ लागते तिथे ती आडवी कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून तिथे सिमेंटचा थर घालून तो सपाट करून घ्या. वाऱ्यानं बाटली पडतही नाही. त्या थराच्या वर शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवा. झालं पर्जन्यमापक. झाड आणि पन्हाळ यांपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तुम्हीही तीच वेळ धरा. वाचून झालं की पाणी ओतून टाकायचं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं, एवढं सातवीतल्या मुलाला सहज समजतं. शाळेची एक खोली २० बाय ३० फुटांची धरली तर छप्पर साधारण ५६ चौरस मीटर होतं. एका रात्रीत १० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एका छपरावरून ५६० लिटर पाणी वाहून गेलं. हा हिशोब मुलानं स्वतः केला की “पाणी अडवा, पाणी जिरवा” हे त्याला फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर आणि माण-खटावला ५०० च्या आसपास, एवढा फरक एकट्या सातारा जिल्ह्यात आहे. दुष्काळी भागातल्या एखाद्या शाळेशी तुमच्या मुलांची पत्रमैत्री जुळवून देता आली तर दोन्हीकडची मुलं आपापले आकडे एकमेकांना कळवतील, आणि त्यातून जे बोलणं होईल ते कुठल्याही निबंधात येणार नाही.

आणि इथेच आजी-आजोबांना आणा. ज्या घरी पंचांग आहे तिथे नक्षत्राचं वाहन बघितलं जातं. बेडूक, म्हैस की हत्ती, यावरून पाऊस कसा होणार ते आजोबा सांगतात. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. “पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती” असं आजी म्हणते. वहीच्या डाव्या पानावर आजी-आजोबांचं म्हणणं आणि उजव्या पानावर आपल्या बाटलीतले मिलिमीटर. खरं-खोटं करायला हे नाही, हे मुलांना आधीच नीट सांगा. कुणाचं चुकलं हे शोधायला गेलो तर आजोबा पुढच्या वेळी सांगणार नाहीत. दोन्ही पानं शेजारी शेजारी राहू द्या. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र आकड्यांत ओढू नका. त्यांना पाच मिनिटं डोळे मिटून अंगणात बसवा. मग कागदाच्या मधोमध ‘मी’ असं लिहायचं आणि जो आवाज जिकडून आला तिकडे तो काढायचा. बैलाची घुंगरं, मोटरचा आवाज, होला, शेजारणीची हाक. हा आवाजाचा नकाशा जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर असा तीनदा काढून घेतला की पुरे.

तुम्ही विचाराल, यात कल्पकता कुठे आली? नोंदी सांगायच्या कशा, इथे ती येते, आणि तिथे मुलांना पूर्ण मोकळीक द्या. तुमच्या त्या मुलीनं समजा एका लांब कागदाच्या घड्या घातल्या, प्रत्येक घडीवर तीच विहीर काढली आणि पाणी जिथे असेल तिथपर्यंत निळं रंगवलं, तर कागद उलगडताना विहीर डोळ्यांदेखत आटत जाईल. कुणी खोप्यांचा पोवाडा करेल. कुणी गेरू, हळद आणि कोळशानं आपल्या झाडाची चार महिन्यांची चार चित्रं काढेल. कुणी सरपंचांना पत्र लिहील. हो, घोषवाक्याऐवजी पत्र ठेवाच. “पाणी हेच जीवन” कुणालाच उद्देशून नसतं. “सार्वजनिक नळाची तोटी गळते, आम्ही खाली तांब्या धरून १० मिनिटांचं पाणी मोजलं, त्याला १४४ नं गुणून दिवसाचं काढलं, ते इतकं इतकं आलं” हे एका ठरावीक माणसाला लिहिलेलं असतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

हादग्याचं आता सांगतो. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा, तर गाणी यंदा मुलांनीच रचू देत, आपल्या वह्यांवरून. चाल जुनी, शब्द त्यांचे. मुलगेही फेरात येऊ देत. खिरापत ओळखायच्या वेळी मधूनच एखादं पान, बी किंवा पीस दाखवून “हे कुणाचं?” असंही विचारता येईल. मला वाटतं, केंद्रातली सगळ्यात रंगलेली फेरी हीच होईल.

गुणांचं कसं करावं, ते मी करीन तसं सांगतो. १०० पैकी ४० वहीला, ३० समोर बसून सांगण्याला, २० मांडणीला आणि १० त्यातून काही घडलं असेल त्याला. शेवटचे दहाच का, असं काही शिक्षक म्हणतील. नळाची तोटी बदलणं हे मुलाच्या हातात नसतं, ते मोठ्यांच्या हातात असतं. मोठ्यांनी केलं नाही म्हणून मुलाचे गुण जाऊ नयेत. वहीत एखादा आठवडा रिकामा असेल, “ताप होता” किंवा “ओढ्याला पाणी होतं म्हणून गेलो नाही” असं लिहिलं असेल, तर एकही गुण कापू नका, आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. नाहीतर मुलं घरी बसून आकडे भरतील. खरी वही ओळखू येतेच. शाई बदललेली असते, एका पानावर पावसाचे थेंब पडून अक्षर फुटलेलं असतं, कोपऱ्याला चिखलाचं बोट असतं. अशा वहीला ‘स्वच्छता व टापटीप’चे गुण कमी पडतात, म्हणून तो रकानाच काढून टाका.

समोर बसवून मुलाला दोन प्रश्न नक्की विचारा. “तुझं काय चुकलं?” आणि “अजून काय कळलं नाही?” पालकांनी करून दिलेल्या कामात चुकलेलं काही नसतं, त्यामुळे तिथे मूल गप्प होतं. ज्यानं स्वतः केलं आहे तो भडाभडा बोलायला लागतो. पालकांवर चिडू मात्र नका. आपल्या मुलाचं नाव मागे पडू नये म्हणूनच ते रात्री जागतात. वहीचं काम आठवड्याला एकाच नोंदीचं आहे आणि ती शनिवारच्या मोकळ्या तासातही करता येते, हे त्यांना दिसलं की तो ताण उतरेल.

परीक्षक म्हणून फक्त शिक्षकांना बोलावू नका. गावाला पाणी सोडणारे काका, एक जाणती शेतकरीण, आशाताई असे तिघं पुरेत. विहिरीची वही पाणी सोडणाऱ्या काकांच्या हातात गेली की ते जे विचारतील, ते मला किंवा तुम्हाला सुचणार नाही.

निकालाचा दिवस २ ऑक्टोबर ठेवता आला तर फार बरं. वन्यजीव सप्ताह त्याच दिवशी सुरू होतो, आणि बहुतेक गावांत त्या दिवशी ग्रामसभा असते. प्रत्येक शाळेतल्या एका तरी मुलानं आपल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून वहीतली दोन पानं वाचावीत. सरपंचांना आधी भेटून हे ठरवा. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर ग्रामपंचायतींचं मूल्यांकन होतं. साडेतीन महिन्यांच्या पावसाच्या आणि पाण्याच्या नोंदी आयत्या मिळत असतील तर त्यांनाही त्या हव्याच असतात. शिवाय २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही कुठल्या कपाटात आहे ते शोधा. मुलांनी पाहिलेली झाडं, पक्षी आणि आजीनं सांगितलेली रानभाज्यांची नावं त्या नोंदवहीत जाऊ शकतात. आपलं लिहिलेलं गावच्या दप्तरी लागलं, हे मूल म्हातारपणापर्यंत सांगेल.

शंका घेणारे भेटतील. “स्पर्धा म्हटल्यावर एक दिवस, एक बक्षीस, फोटो” असं म्हणतील. त्यांना आपल्याच जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू दाखवा. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये ते पहिलं आलं. ती स्पर्धा दीड महिना चालली आणि गावांनी प्रत्यक्ष केलेल्या जलसंधारणाच्या कामाचंच तिथे मोजमाप झालं. स्पर्धेनं माणसं झपाटून कामाला लागतात, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रश्न फक्त गुण कशाला द्यायचे एवढाच आहे.

३००० रुपये पुरतील. अकरा शाळांना जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणि एकेक मोजपट्टी घ्या. पर्जन्यमापकाला बाटल्या गावातच मिळतील. उरलेल्या पैशांत भिंगं घ्या, बक्षीस म्हणून तीच द्या. प्लॅस्टिकच्या सोनेरी ढाली नकोत. प्रमाणपत्र मात्र द्याच. मुलांना ते हवं असतं, ते घरात भिंतीवर लागतं. फक्त छापील ओळीखाली तुमच्या हातानं एक वाक्य लिहा, “हिनं चौदा आठवडे खोपे मोजले” असं. अकरा शाळांच्या शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचा भार असतो. त्यांच्याकडून रोजचे फोटो मागू नका. शनिवारी ग्रुपवर आठवड्याच्या पावसाचा एक आकडा आला की पुरे.

विहिरीवर मूल एकटं जाणार नाही, घरचं मोठं माणूस सोबत असेलच, आणि कठडा नसलेली विहीर कुणी निवडणार नाही, हे नियमांत पहिल्या ओळीला लिहा. ओढ्याला पाणी आलं किंवा वीज कडाडू लागली की नोंद नाही.

एक गोष्ट तुमच्या भागाचीच आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. मृग ते हस्त या काळात ऊसतोड कामगारांची मुलं तुमच्याकडे नसतात. ती बीडकडून येतात तेव्हा दिवाळी आलेली किंवा होऊन गेलेली असते, आणि शाळेत आली तरी स्पर्धेच्या यादीत त्यांचं नाव नसतं. जानेवारीत एक छोटी फेरी त्यांच्यासह घ्या. विषय पाचट, म्हणजे तोडणीनंतर फडात उरणारी उसाची वाळलेली पानं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं आणि पुष्कळ ठिकाणी काडी लावून मोकळे होतात. एका सरीत पाचट पेटवलेलं, शेजारच्या सरीत कुजायला ठेवलेलं. दोन्हीकडची माती मुठीत घेऊन बघायची, ओल बघायची, गांडुळं मोजायची. फडात वाढलेल्या मुलाला उसाबद्दल जे माहीत असतं ते तुमच्या वर्गातल्या बागायतदाराच्या मुलालाही नसतं. एकदा तरी त्याला सांगणारा होऊ द्या.

मोठ्या स्पर्धांचं म्हणाल तर त्या हव्यातच, पण या वह्यांच्या मागून. १० ते १७ वयाच्या मुलांसाठी १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचा गाभाच मुळी स्थानिक प्रश्नावरचं मुलांचं स्वतःचं काम हा आहे. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्या वरच्या टप्प्यावर कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जाबचतीवरची चित्रकला स्पर्धाही आहे. तुमच्या केंद्रातल्या दोन-तीन वह्या अशा ठिकाणी नक्की टिकतील. कुणाला पाठवायचं ते ऑक्टोबरनंतर ठरवा, आता मुलांपुढे त्यांची नावंही काढू नका.

राहिली ती मुलगी. सातवी झाली म्हणजे ती आता हायस्कूलला जाईल, तुमच्या शाळेच्या पटावर नसेल. जूनच्या आधी एकदा तिच्या वस्तीवर जाऊन या. वही पाहायला मागा. ती अजून लिहिते का ते विचारा, आणि तिला पहिल्या दिवशी अकरा शाळांच्या मुलांपुढे बोलवा. पायरी कशी मोजायची, वरून मोजायची की खालून, पाणी हलत असेल तर किती वेळ थांबायचं, पाणी दोन पायऱ्यांच्या मध्ये असेल तर काय लिहायचं, हे तिनं शिकवावं. तुमच्या स्पर्धेत हे सगळं सांगू शकेल अशी सध्या ती एकटीच आहे.

आणि पाणी कितव्या पायरीला होतं, ते मला जरूर कळवा.